वाचकांचे प्रश्न : जिंकलेल्या नायिकेचे दुसऱ्या भागात काय करायचे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती, म्हणून हे सदर या वेळी त्यांनाच दिले आहे. उत्तरांत ‘हॉरायझन’ मालिकेच्या दोन्ही भागांची कथा शेवटापर्यंत उलगडली आहे. ज्यांना ते गेम अजून खेळायचे आहेत त्यांनी पहिले उत्तर तूर्त वाचू नये.

प्रश्न : आम्ही पाच जणांनी मिळून एक विज्ञानकथात्मक गेम केला. शनीच्या टायटन या चंद्रावरील वसाहतीत रेडिओ-दुरुस्ती करणारी आमची नायिका नियंत्रण कक्षाचा आदेश धुडकावून एकटी बाहेर पडते आणि तीनशे माणसांचा जीव वाचवते, असे त्याचे कथानक होते. खेळाडूंना ती आवडली. आता दुसऱ्या भागासाठी पैसे देणाऱ्यांची सूचना आहे की ती ‘अधिक खंबीर’ दिसावी आणि तिला एखादा दुःखद भूतकाळ असावा. आमचे चार मसुदे झाले, पण प्रत्येकात ती परकीच वाटते. कुठे चुकते आहे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पत्र वाचताना मला असे वाटले की, तुमची अडचण त्या ‘अधिक’ या शब्दात आहे. पहिल्या भागात खंबीर असलेल्या नायिकेला दुसऱ्या भागात अधिक खंबीर करायचे म्हटले, की लेखकाच्या हाती फक्त मात्रा वाढवणे उरते. तिचा आवाज चढतो, जखमा वाढतात, शत्रू मोठा होतो आणि ती स्वतः मात्र जिथे होती तिथेच राहते. दुःखद भूतकाळाचेही तसेच. काही वर्षांपूर्वी एका गेमच्या दुसऱ्या भागाचे संवाद मी लिहीत होतो, तेव्हा आम्ही नायिकेला असाच एक मृत भाऊ बहाल केला आणि त्याच्यावर दोन कटसीन, म्हणजे खेळाडूने नुसती पाहायची दृश्ये, खर्ची घातले. चाचणीसाठी बोलावलेल्या एका मुलीने, जिने पहिला भाग तीनदा संपवला होता, दुसरा कटसीन पाहून कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि एवढेच विचारले, “हिला भाऊ होता?” आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो, कारण पहिल्या भागातल्या तिच्या एकाही कृतीत त्या भावाचा मागमूस नव्हता.

या बाबतीत बारकाईने अभ्यासावे असे उदाहरण मला अ‍ॅमस्टरडॅमच्या गुरिला गेम्स या स्टुडिओचे वाटते. ‘किलझोन’ ही सैनिकी गोळीबाराची मालिका करण्यात अनेक वर्षे घालवलेल्या या मंडळींनी फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘हॉरायझन झीरो डॉन’ आणला आणि पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्याचा पुढचा भाग ‘हॉरायझन फॉरबिडन वेस्ट’. दोन्हींची नायिका एलॉय आणि दोन्हींत तिचा आवाज अ‍ॅशली बर्च यांचा. काळ एकतिसाव्या शतकाचा. आपली संस्कृती लयाला जाऊन हजार वर्षे लोटलेली, माणसे टोळ्यांत राहणारी आणि रानात हिंडणारे प्राणी पोलादाचे.

पहिल्या भागातली एलॉय नोरा टोळीने जन्मतःच वाळीत टाकलेली मुलगी आहे. ज्या टोळीत सारी सत्ता मातांच्या हाती आहे, तिथे हिची आई कोण हेच कोणाला ठाऊक नाही. स्वतः बहिष्कृत असलेला रोस्ट तिला वाढवतो, शिकार शिकवतो. लहानपणी एका जुन्या भुयारात पडल्यावर तिला कानाजवळ लावायचे एक छोटे उपकरण सापडते, फोकस त्याचे नाव, आणि त्यामुळे इतरांना न दिसणारे तिला दिसू लागते. पुढचा सारा गेम एका प्रश्नावर चालतो : माझी आई कोण? उत्तर असे निघते की तिला आईच नाही. एकविसाव्या शतकातील एलिझाबेट सोबेक या शास्त्रज्ञ स्त्रीची ती क्लोन आहे आणि सोबेकने घडवलेल्या गाया या कृत्रिम बुद्धिमत्तेने, जग पुन्हा धोक्यात आल्याचे पाहून, तिला जन्माला घातले आहे. शेवटच्या दृश्यात सोबेकच्या जुन्या घराजवळ, बाकावर बसल्या अवस्थेतच हजार वर्षे राहिलेला तिचा देह एलॉयला सापडतो.

आता लेखकाच्या खुर्चीत बसून पाहा. प्रश्न सुटला, उत्तर मिळाले, जगही वाचले. नोव्हेंबर २०२१ पर्यंत या पहिल्या गेमच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या, म्हणजे दुसरा भाग न काढणे कोणाच्याच हिशेबात बसणारे नव्हते. अशा वेळी सोपा मार्ग म्हणजे नवे गूढ काढायचे : सोबेकचे आणखी एखादे रहस्य, एलॉयच्या जन्माची आणखी एखादी बाजू. दुसऱ्या भागात नवी गूढे आहेतच, पण एलॉयच्या स्वभावाचे काम त्यांवर सोपवलेले नाही. लेखकांनी पहिल्या भागात तिला वाचवणारी सवय शोधून काढली. वाळीत वाढलेल्या मुलीला एकटीने निभावण्याची सवय असते. कोणावर विसंबायचे नाही हा तिच्या जगण्याचा पाया असतो. पहिल्या भागात हाच गुण होता आणि खेळाडूने तीस-चाळीस तास त्याचे कौतुक केले होते. दुसऱ्या भागात त्या गुणाचे बिल येते.

ते कसे येते, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस मेरिडियन शहराच्या लढाईत सोबत लढलेल्या मित्रांना न सांगता एलॉय निघून गेलेली आहे आणि सहा महिने एकटीच गायाची शिल्लक प्रत शोधत भटकते आहे. वार्ल हा नोरा टोळीचा तरुण तिचा माग काढत येतो. ती त्याला परत पाठवू पाहते, तो जात नाही. पुढे ती पुन्हा सर्वांना मागे टाकते, पश्चिमेला जाते, अतिशय बलाढ्य शत्रूंसमोर येते आणि जीव वाचवण्यासाठी खालच्या नदीत उडी घेते. शुद्धीवर येते तेव्हा उशाशी वार्लच असतो. तिने नको म्हटलेल्या माणसामुळे ती जगली आहे, ही गोष्ट त्या प्रसंगात कोणी भाषण ठोकून सांगत नाही. ती अंथरुणातून उठते आणि काहीशी ओशाळून पुढच्या कामाचे बोलू लागते.

त्यानंतर डोंगरातल्या एका जुन्या तळावर हळूहळू माणसे जमू लागतात : वार्ल, एरेंड, झो, कोटालो, अल्वा. यांतली सर्वांत बोलकी गोष्ट मला फोकसची वाटते. पहिल्या भागभर फोकस हे एलॉयच्या वेगळेपणाचे, आणि म्हणून एकटेपणाचे, चिन्ह होते. दुसऱ्या भागात ती सोबत्यांना एकेक फोकस देते आणि तो वापरायला शिकवते. खेळाडू तळावर परततो तेव्हा कोणी जुन्या जगाचे संगीत शोधून काढलेले असते, कोणी प्रश्नांची यादी घेऊन बसलेले असते. जे एकटीचे होते ते वाटले गेले. नायिकेचा स्वभाव पालटतो आहे हे एका वस्तूच्या देवघेवीतून कळते आणि त्याला एक वाक्यही खर्च करावे लागत नाही.

आणि मग बीटा येते. बीटा हीसुद्धा सोबेकचीच क्लोन, म्हणजे जनुकांनी एलॉयची जुळी बहीण. पण ती वाढली एका अंतराळयानावर, तिला हत्यारासारखे वापरणाऱ्या लोकांत, आभासी जगाच्या सोबतीने. ती घाबरते, कोपऱ्यात बसते, रडते. विज्ञानकथेलाच परवडणारी ही युक्ती आहे, कारण जनुके तीच ठेवून फक्त संगोपन बदलण्याचा प्रयोग वास्तववादी कथेत इतक्या स्वच्छपणे मांडता येत नाही. एलॉयला वाटत असते की आपले धैर्य हे आपले स्वतःचे आहे. बीटाकडे पाहिल्यावर कळते की त्यातले पुष्कळसे रोस्टचे होते. आणि इथे लेखकांनी एक धाडस केले आहे, ज्याला माझ्या मते पैसे देणाऱ्या कोणत्याही मंडळीने पहिल्या बैठकीत हरकत घेतली असती. त्यांनी नायिकेला वाईट वागू दिले. एलॉय बीटाशी तुटक बोलते, तिच्या भीतीचा तिला राग येतो, ती तिला उपयोगापुरते विचारते. खेळताना संकोच वाटतो. वाटायलाच हवा, कारण ज्या नोरांनी एलॉयला लहानपणी वाऱ्याला उभे केले नाही त्यांच्यापेक्षा ती या क्षणी फार वेगळी राहिलेली नसते. वार्ल तिला हे समजावतो. काही काळाने शत्रू वार्लला तिच्या डोळ्यांदेखत मारतो आणि बीटाला पळवून नेतो. शेवटच्या भागात दोघी बहिणी म्हणून एकमेकींसमोर उभ्या राहतात तेव्हा ते पटते, ते या आधीच्या वाईट वागण्यामुळे.

याच धाग्याचे टोक टिल्डा या पात्रात आहे. सोबेकवर हजार वर्षांपूर्वी प्रेम केलेली ही स्त्री एलॉयमध्ये सोबेकच पाहते आणि तिला आपल्यासोबत घेऊन जाऊ पाहते. (तिच्या घरात जुनी डच चित्रे जपून ठेवलेली दिसतात, अ‍ॅमस्टरडॅमच्या लोकांनी घेतलेली ही गोड मोकळीक आहे.) म्हणजे पहिल्या भागाने ‘तू सोबेकची आहेस’ असे उत्तर दिले आणि दुसऱ्या भागाचा शेवट ‘तू फक्त सोबेक नाहीस’ या भांडणावर झाला.

उणीवही सांगतो, कारण तुम्हाला तीच उपयोगी पडेल. कथा म्हणते की एलॉय एकटीने लढणे सोडते आहे, पण खेळाडूचे बोट ज्या बटणांवर असते ती तसे म्हणत नाहीत. काही ठरावीक मोहिमा सोडल्या तर मोकळ्या जगात ती पूर्वीसारखी एकटीच शिकार करते. वाटेत कोणा सोबत्याला हाक मारता येत नाही. तळावरच्या संभाषणात माणूस बदलतो आणि दाराबाहेर पडताच तो जुन्या सवयीला परत जातो. गेममधली नायिका ही खेळाडू जे करतो त्याची बनलेली असते, संवाद त्यावरचा मुलामा आहे. हे तुमच्या मसुद्यांत तपासा.

आता तुमच्या टायटनकडे येऊ. पृथ्वीवरून निघालेला रेडिओ संदेश शनीपर्यंत पोहोचायला एक तासाहून अधिक वेळ लागतो, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत दोन-तीन तास गेलेले असतात. अशा जागी वाढलेली मुलगी विचारून काम करणारी असूच शकत नाही. तिची आज्ञाभंगाची सवय तिथल्या अंतराने घडवलेली आहे. तुमच्याकडे हे आयते असताना दुःखद भूतकाळ कशासाठी शोधायचा? पहिल्या भागात तिने आदेश मोडला आणि तीनशे माणसे वाचली. आता त्या तीनशे जणांनी तिच्यापासून काय शिकले असेल? तिथला प्रत्येक पोरगा आदेश मोडणे म्हणजेच शौर्य असे समजत असेल. दुसऱ्या भागात तिला नियंत्रण कक्षात बसवा. तिचा शब्द हा आता आदेश आहे आणि तो ऐकायला कोणी तयार नाही. तिला माणसे थांबवायची आहेत, आणि ‘तू तरी कुठे थांबली होतीस?’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही. एखाद्या प्रसंगी ती चुकीचा आदेश देईल आणि तो मोडणारा बरोबर ठरेल. तो प्रसंग खेळाडूच्या हातून घडू द्या, म्हणजे चुकीचा आदेश खेळाडूनेच दिलेला असेल. पैसे देणाऱ्यांना यात हवा तेवढा खंबीरपणा दिसेल. फक्त त्यांना मसुद्याऐवजी दहा मिनिटांचा खेळता येणारा तुकडा दाखवा.

प्रश्न : पहिल्या भागाच्या अखेरीस आमच्या नायिकेकडे सगळी शस्त्रे आणि सगळी कौशल्ये असतात. दुसऱ्या भागात तिला पुन्हा शून्यापासून सुरू करावे लागते, नाही तर खेळात चढण राहत नाही. पण त्यामुळे ती विसरभोळी वाटते. यावर उपाय काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : हा प्रश्न तांत्रिक दिसतो, पण नायिकेची अब्रू इथेच जाते किंवा राहते. ‘मेट्रॉइड’ या अंतराळातल्या गेम-मालिकेची नायिका सामस अरान हिचे तीन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. २००२ च्या ‘मेट्रॉइड प्राइम’मध्ये ती कोसळत्या यानातून निसटताना स्फोटाचा तडाखा बसतो आणि तिच्या चिलखतातल्या क्षमता बंद पडतात. एवढेच. खेळाडू खांदे उडवतो आणि पुढे जातो. काही बिघडत नाही आणि काही साधतही नाही. फॉरबिडन वेस्टमध्ये तर एलॉयची सहा नवी स्किल ट्री, म्हणजे एकेक करून मिळवायच्या कौशल्यांचे तक्ते, मुकाट्याने समोर ठेवली जातात आणि तीही आपण मुकाट्याने मान्य करतो. अशा करारांची आपल्याला सवय आहे.

दुसरा प्रसंग २०१० च्या ‘मेट्रॉइड : अदर एम’चा. इथे सामसजवळ सगळी शस्त्रे असतात, पण तिच्या जुन्या सेनाधिकाऱ्याने, अ‍ॅडमने, परवानगी दिल्याशिवाय ती वापरणार नाही असे ती मान्य करते. कल्पना कागदावर वाईट नाही. जुन्या नात्यातला आदर आणि जुनी जखम त्यातून दाखवता आली असती. पण मग एक धगधगता विभाग येतो, सामस त्यात शिरते, उष्णतेने तिचा जीव क्षणाक्षणाला खालावतो आहे हे पडद्यावर दिसत असते, उष्णतेपासून वाचवणारे वारिया आवरण तिच्या अंगावरच असते आणि तरीही अ‍ॅडमने हो म्हणेपर्यंत ती ते चालू करत नाही. खेळाडूच्या मनातून नायिका उतरली ती त्या मार्गिकेत. चोवीस वर्षे जी एकटी ग्रह पालथे घालत आली, तिला भाजत असताना पंखा लावायला कोणाची तरी परवानगी लागावी, हे कोणत्याही कटसीनने भरून निघणारे नव्हते. रचनेच्या सोयीसाठी घेतलेला निर्णय खेळाडूने स्वभाव म्हणून वाचला, आणि तसे वाचणे चूक नव्हते.

तिसरा प्रसंग २००२ चाच, ‘मेट्रॉइड फ्यूजन’चा, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रश्नाचे आजवरचे सर्वांत सुंदर उत्तर तेच आहे. सामसला एक्स नावाच्या परजीवीचा संसर्ग होतो. तिला वाचवण्यासाठी चिलखताचे संसर्ग झालेले भाग शस्त्रक्रियेने काढून टाकावे लागतात. काढलेल्या त्या भागांतून परजीवी तिचीच हुबेहूब प्रतिकृती उभी करतो, आणि ती प्रतिकृती, पहिल्या भागांतली सारी शस्त्रे घेऊन, अंतराळस्थानकाच्या बोळांतून सामसचा माग काढत फिरते. तिची पावले वाजू लागली की खेळाडू बटणे सोडून श्वास रोखतो. नायिकेची जुनी ताकद कुठे गेली, हा प्रश्न तिथे कोणालाही पडत नाही. ती दाराबाहेर उभी आहे.

तुमच्या बाबतीत मी विचारीन ते असे : तिची शस्त्रे गेली तर ती कोणाकडे गेली? हरवलेली वस्तू कंटाळवाणी असते, दुसऱ्याच्या हाती पडलेली वस्तू कथा चालवते. आणि शस्त्रे गेली तरी हात राहू द्या. पहिल्या भागात खेळाडूने जी हालचाल हजार वेळा केली आहे, धावता धावता घसरणे असो वा भिंतीवरून उसळणे, ती पहिल्या मिनिटापासून तिच्याजवळ असावी. विसरभोळेपणाची भावना बहुधा शस्त्रे गेल्याने येत नाही, शरीर विसरल्याने येते.

प्रश्न : आमची नायिका खेळताना सतत स्वतःशी बोलते, कारण त्यातून खेळाडूला कोड्यांचे संकेत मिळतात. चाचणीत मात्र ‘ती गप्प का बसत नाही?’ असे अभिप्राय आले. तिला मुकी करावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुकी करू नका, पण तिच्या तोंडून कोण बोलते आहे ते तपासा. फॉरबिडन वेस्टवरची सर्वांत जास्त ऐकू आलेली तक्रार हीच होती. कोड्यासमोर उभे राहून खेळाडू चार सेकंद विचार करतो न करतो तोच एलॉय उत्तराकडे बोट दाखवते. पिशवी भरली की गोळा केलेली वस्तू साठ्यात जमा झाली असे ती प्रत्येक वेळी जाहीर करते. ते साठ्याचे वाक्य इतके डोक्यात गेले की स्टुडिओला नंतरच्या एका पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या दुरुस्तीत, त्याचे प्रमाण कमी करावे लागले. आता हे वाक्य एलॉयचे आहे का? रोस्टने रानात वाढवलेली शिकारी मुलगी सामान कुठे गेले याची दवंडी पिटणार नाही. ते वाक्य सूचनाफलकाचे आहे, आवाज मात्र तिचा वापरला गेला.

दुसऱ्या टोकाला २०२१ चा ‘मेट्रॉइड ड्रेड’ आहे. संपूर्ण गेममध्ये सामस एकदाच बोलते, तेही माणसांच्या भाषेत नाही, तिला वाढवणाऱ्या चोझो लोकांच्या भाषेत. बाकी सारे शरीरावर सोडले आहे. क्रेड हा प्रचंड राक्षस साखळदंडात जखडलेला, तिच्यावर तोंड फाडून ओरडतो आहे; पूर्वी त्याच्याशी दोन हात केलेली सामस जागची हलतही नाही, हातातल्या तोफेत शांतपणे ऊर्जा भरत राहते. ‘मी तुला ओळखते आणि मला तुझी भीती वाटत नाही’ हे वाक्य कोणा लेखकाने तिथे घातले असते तर ते दृश्य गेले असते. ‘ड्रेड’च्या अकरा वर्षे आधीच्या ‘अदर एम’मध्ये तीच सामस पानेच्या पाने बोलत होती, हेही लक्षात घ्या.

माझी पद्धत अशी आहे की नायिकेची सगळी सुटी वाक्ये एका तक्त्यात उतरवतो आणि प्रत्येकासमोर लिहितो की हे ती कोणाला उद्देशून बोलते आहे. ज्या वाक्यांसमोर ‘खेळाडूला’ असे लिहावे लागते त्यांतली निम्म्याहून अधिक काढून टाकतो आणि तो संकेत दिव्याला, आवाजाला, जमिनीवरच्या ओरखड्याला देतो. ज्यांसमोर ‘स्वतःला’ असे येते ती ठेवतो, पण एकदाच. भीतीने स्वतःशी पुटपुटलेले वाक्य तिसऱ्यांदा ऐकले की विनोदी होते. संकेत द्यायचाच असेल तर खेळाडू दोन-तीनदा चुकल्यानंतर द्यावा आणि सेटिंगमध्ये तो बंद करण्याची सोय ठेवावी. तुमची चाचणी घेणारे कंटाळले आहेत ते तिच्या बोलण्याला नव्हे, आपल्याला बुद्धी नाही असे तिला वाटते आहे या समजुतीला.

प्रश्न : पहिल्या भागात खेळाडूच्या निर्णयांनुसार नायिका दयाळू किंवा कठोर होत जाते. दुसऱ्या भागात यांपैकी कोणती नायिका खरी मानावी? आणि ज्यांनी पहिला भाग खेळलाच नाही त्यांचे काय?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ‘मास इफेक्ट’च्या तिन्ही भागांत (२००७, २०१० आणि २०१२) जुनी सेव्ह फाइल, म्हणजे खेळाची साठवलेली नोंद, पुढच्या भागात आणता येत असे, त्यामुळे प्रत्येक खेळाडूची शेपर्ड, म्हणजे त्या मालिकेतले मुख्य पात्र, त्याची स्वतःची राहिली. प्लेस्टेशन ३ वर दुसरा भाग आला तेव्हा पहिला भाग त्या यंत्रावर उपलब्धच नव्हता. तिथे सुरुवातीला चित्रकथा दाखवून त्यातच मोठे निर्णय खेळाडूकडून घेववले गेले. ही सोय तुम्हालाही जमण्यासारखी आहे. पण पाच जणांच्या चमूला सगळ्या फांद्या पेलणार नाहीत. ‘हॉरायझन’ने सोपा रस्ता धरला : मोक्याच्या संवादांत हृदय, मेंदू आणि मूठ अशी तीन चिन्हे येतात, खेळाडू त्या क्षणीचा सूर निवडतो आणि कथेचा पाया मात्र ढळत नाही. एलॉय रागाने बोलली काय किंवा मायेने, ती निघून जाणार हे ठरलेले असते. तुम्हीही निर्णयांचे परिणाम थोडेच आणा, पण जे आणाल ते माणसांच्या तोंडी आणा. जिला पहिल्या भागात मरू दिले तिची आई दुसऱ्या भागात बाजारात भेटली आणि नायिकेशी न बोलता निघून गेली, एवढे दृश्य पुरते.

प्रश्न : आमचा गेम मराठीत आहे आणि नायिकेने चेहरा झाकणारे शिरस्त्राण घातले आहे. ती स्त्री आहे हे पहिल्या भागाच्या शेवटी उघड व्हावे अशी कल्पना होती, पण संवाद लिहायला बसल्यावर दुसऱ्याच ओळीला अडलो. दुसऱ्या भागात तिची भाषा कशी ठेवावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : १९८६ च्या मूळ ‘मेट्रॉइड’मध्ये ही कलाटणी साधली, कारण सामस तिथे बोलतच नाही, गेम पुरेशा लवकर संपवला की शिरस्त्राण उतरते आणि आत स्त्री दिसते. मराठी नायिका मात्र ‘मी निघाले’ म्हणाली की गुपित फुटते. तरी मार्ग आहेत. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे ‘मी दार उघडले’, ‘मी संदेश ऐकला’ ही वाक्ये कोणीही बोलू शकते. भविष्यकाळातले ‘मी जाईन’, ‘मी बघीन’ तसेच. अडतात ती येणे, जाणे, पडणे, थांबणे यांसारखी अकर्मक क्रियापदे आणि साधा वर्तमानकाळ. म्हणजे शिरस्त्राणाआडची तुमची नायिका केलेल्या आणि करायच्या कामांबद्दल बोलेल, स्वतःच्या असण्याबद्दल बोलणार नाही; कारागीर माणसाचा स्वभाव त्यातून आपोआप तयार होईल. दुसऱ्या भागात गुपित उरलेले नसेल, तेव्हा तिला पहिल्यांदा ‘मी दमले’ असे म्हणू द्या आणि ते वाक्य कुठे पडते याचा नीट विचार करा.

शिवाय तुम्ही कोल्हापूरचे आहात. तुमच्याकडच्या कित्येक मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ती तुमच्या गावची असेल, तर व्याकरणाने अडवलेली वाट बोलीने कधीचीच मोकळी करून ठेवली आहे. फक्त मग आवाज देणारी मुलगी पुण्याची घेऊ नका.